अठरा हजार पुस्तकं आणि एक रिकामं पान

वाचनालयाच्या पुस्तकांची यादी संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला लिहिलेला माझा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. चूक-बीक काही दाखवली नाही आणि डिस्कवर एक फाइल उतरली. आकार जेमतेम 2 केबी. आत वाचनालयाचं नाव, दोन-तीन स्क्रिप्टचे पत्ते, 'ॲप' नावाचा एक रिकामा डिव्ह (पानावरचा कप्पा) आणि त्याखाली एक ओळ : हे संकेतस्थळ पाहण्यासाठी जावास्क्रिप्ट सुरू करा. पुस्तक एकही नाही. तेच पान ब्राउझरमध्ये उघडलं की मात्र पहिली 20 पुस्तकं मुखपृष्ठांसकट झळकत होती.

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयाचं आहे. मी तिथला जुना सभासद, आणि चिटणीसकाकांच्या आग्रहामुळे गेली काही वर्षं कार्यकारिणीवरही आहे. दिवसा मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्याची संगणकप्रणाली सांभाळतो. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा येते ती कामापुरती. सांगण्यासारखं आहे ते एवढ्यासाठी, की ज्या ठिकाणी अडेल असं वाटलं होतं तिथे फार अडलं नाही, आणि जिथे सगळं जुळलं असं वाटलं तिथेच फसलो होतो.

वाचनालयाने 2019 मध्ये आपली यादी एका कंपनीच्या भाड्याच्या प्रणालीत चढवली. ग्रंथपालताई आणि दोन मुली दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल क्रमांक देऊन जिच्यात चढवतात ती) समोर ठेवून सात महिने टंकत होत्या. पाच वर्षांनी भाडं वाढलं, तेव्हा कार्यकारिणीने कोहावर जायचं ठरवलं. कोहा ही मुक्तस्रोत प्रणाली 1999 साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिली गेली आणि 2000 च्या जानेवारीत चालू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भाड्याचा प्रश्न मिटला, राहिला तो जुनी यादी बाहेर काढण्याचा.

जुन्या प्रणालीत 'एक्सपोर्ट' असं बटण होतं. दाबलं की पीडीएफ निघायची आणि तिच्यातली जोडाक्षरं फुटलेली असायची. एक्सेल मागितली तर त्याचे पैसे वेगळे, वर दीड महिन्याचा वायदा. चिटणीसकाका भडकले. ज्या गावात 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून आणला, जिथून लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी वाचायला पाठवली जायची, तिथे आपलीच यादी आपल्याला मिळू नये? काकांचं म्हणणं खरं होतं, पण रागाने फाइल उतरत नाही. त्यांनी कंपनीला शांतपणे पत्र लिहिलं : यादी वाचनालयाच्या मालकीची आहे, सार्वजनिक शोधपानावर ती कोणालाही दिसते, तिथून आम्ही उतरवून घेतली तर हरकत आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं, हरकत नाही, फक्त सर्व्हरवर ताण येऊ देऊ नका. ते उत्तर मी छापून फाइलला लावलं. पुढची एक ओळही त्याआधी लिहिली नव्हती.

पोस्टमन बाजारहाट करत नाही

रिक्वेस्ट्स ही पायथनची साधी, आवडती लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच. (ताईंना हे सांगताना गोंधळच झाला. 'लायब्ररीतून लायब्ररीचं पान आणलं' म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं.) तिचं काम एकच : दिलेल्या पत्त्यावर जायचं आणि सर्व्हर जे हातात ठेवेल ते जसंच्या तसं आणून द्यायचं. आणलेल्या एचटीएमएलमधून (पान ज्या कोडमध्ये लिहिलेलं असतं त्यातून) हवं ते निवडायला ब्यूटिफुल सूप. दोघींपैकी कोणीही जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारे छोटे प्रोग्राम, चालवत नाही. पोस्टमन पाकीट आणून देतो, आतल्या चिठ्ठीत लिहिलेली बाजारहाट तो करत नाही. ती करतो ब्राउझर. तो रिकामा डिव्ह बघतो, स्क्रिप्ट चालवतो, स्क्रिप्ट दुसऱ्याच कुठल्या पत्त्यावरून माहिती मागवते आणि मग पान भरतं.

हे ओळखायची एक खूण आहे, नवख्या माणसाने पहिल्यांदा तीच बघावी. पानावर 'व्ह्यू पेज सोर्स' केलं की सर्व्हरने पाठवलेलं मूळ एचटीएमएल दिसतं. 'इन्स्पेक्ट' केलं की स्क्रिप्टनी भरून झालेलं पान दिसतं. दोन्ही सारखंच दिसतं असं समजून माझ्यासारखे लोक तासन्‌तास घालवतात. इन्स्पेक्टमध्ये पुस्तकाचं नाव बघायचं, त्याचा क्लास (कोडमधलं खुणेचं नाव) उतरवून घ्यायचा, तो ब्यूटिफुल सूपला द्यायचा आणि रिकामी यादी का येते म्हणून डोकं खाजवायचं. सोर्समध्ये कंट्रोल-एफ करून पुस्तकाचं नाव शोधा. सापडलं तर साधी लायब्ररी पुरते. पुष्कळ संकेतस्थळांवर ते दिसत्या मजकुरात नसलं तरी एखाद्या स्क्रिप्टच्या टॅगमध्ये अख्खं जेसॉन, म्हणजे रकाने पाडून लिहिलेली माहिती, भरलेलं सापडतं. नेक्स्ट-जेएस या साधनाने बांधलेल्या पानांत तर हे नेहमीचंच. आमच्याकडे तेही नव्हतं.

भाच्याचा ब्राउझर

माझा भाचा कलाभवनात, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी विद्याशाखेत, कॉम्प्युटर शिकतो. त्याचा सल्ला ठरलेला : "मामा, ब्राउझरच चालवा ना प्रोग्राममधून. डोकं कशाला लावायचं?" पहिल्यांदा त्याने कुठल्याशा जुन्या धड्यातून फँटमजेएस आणलं. 2011 मध्ये आलेला तो बिनचेहऱ्याचा ब्राउझर एके काळी सगळेच वापरायचे, पण 2017 मध्ये क्रोमच खिडकी न उघडता चालायला लागलं आणि 2018 मध्ये फँटमजेएसचं काम थांबलं. आमचं शोधपान त्यात पांढरंच राहिलं, कारण आजची स्क्रिप्ट त्या ब्राउझरला कळतच नाही. मग त्याने प्लेराइट बसवलं. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेलं, पायथनमधून नीट चालणारं. आणि खरोखरच पुस्तकं दिसायला लागली. भाचा कॉलर ताठ करून बसला.

मग एकेक अडचण निघाली. पान खाली सरकवलं की पुढची 20 पुस्तकं येत, आणि आधीची पानावरच राहत. साधारण 3,000 पुस्तकांपर्यंत गेलं की माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपवर टॅब कोसळायचा. दर वेळी वेगळ्या आकड्यावर. भाच्याने प्रत्येक सरकवण्यानंतर 'तीन सेकंद थांब' असं लिहिलं होतं. संध्याकाळी इंटरनेट मंदावलं की तीन सेकंद पुरत नसत आणि रिकाम्या ओळी तक्रार न करता फाइलमध्ये जाऊन बसत. ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी 'अमुक गोष्ट पानावर दिसेपर्यंत थांब' असं सांगायचं असतं, ते मी त्याला बदलायला लावलं. तरी मूळ प्रश्न सुटेना. यादीत नाव आणि लेखक एवढंच दिसायचं. दाखल क्रमांक, वर्गांक (विषयावरून दिलेला क्रमांक), किंमत हवी तर प्रत्येक पुस्तकाचं पान वेगळं उघडायला हवं. एका पानाला 5 सेकंद धरले तरी 18,640 पुस्तकांचे 93,200 सेकंद, म्हणजे जवळजवळ 26 तास. आणि प्रत्येक पानासोबत मुखपृष्ठं, फॉन्ट, कुठकुठल्या स्क्रिप्ट असं सगळं त्या सर्व्हरकडून ओढायचं. ताण देऊ नका म्हणून लेखी सांगितलेल्या माणसाशी हे वागणं बरं नव्हे.

ब्राउझर चालवणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. काही पानांवर माहिती ब्राउझरमध्येच गुंफली जाते, किंवा लॉगिनच्या पायऱ्या इतक्या गुंतलेल्या असतात की दुसरा इलाज नसतो. पण तो शेवटचा उपाय. भाच्यासारख्यांच्या हातात तो पहिला येतो, कारण त्याला विचार करावा लागत नाही.

स्वयंपाकघराचं दार

रविवारी दुपारी वाचनालय बंद असताना मी आणि भाचा ताईंच्या टेबलाशी बसलो. एफ-12 दाबून ब्राउझरची आतली हत्यारं उघडली, 'नेटवर्क' भागात गेलो, 'फेच / एक्सएचआर', म्हणजे स्क्रिप्टनी केलेल्या मागण्या, एवढंच दिसेल असं केलं आणि पान हळूच खाली सरकवलं. एक नवी ओळ उमटली. पुन्हा सरकवलं, पुन्हा एक. प्रत्येक वेळी तोच पत्ता, फक्त पानाचा आकडा एकाने वाढलेला. ओळीवर टिचकी मारून 'रिस्पॉन्स' बघितला तर समोर जेसॉन. 20 पुस्तकं, व्यवस्थित, नाव वेगळं, लेखक वेगळा, आणि पानावर कधीच न दिसणारे दाखल क्रमांक, वर्गांक, किंमत, देणगीदार, दाखल तारीख. प्रत्येक पुस्तकाचं पान वेगळं उघडायची गरजच नव्हती. 26 तासांचा हिशेब तिथेच कोलमडला. भाचा काही बोलला नाही, फक्त खुर्ची पुढे ओढून घेतली.

'आकार' असा एक घटक पत्त्यात होता, 20 चा. तो 100 केला तर 100 पुस्तकं आली. 500 मागितली तरी 100च. म्हणजे 187 वेळा मागायचं, झालं.

तोच पत्ता रिक्वेस्ट्सला दिला तर 401. ओळख दाखवल्याशिवाय आत सोडणार नाही. ब्राउझर कोणती ओळख दाखवतो ते त्याच नेटवर्कच्या भागात 'हेडर्स'खाली दिसतं. एक लांबलचक टोकन होतं, मध्ये दोन टिंबं देऊन तीन तुकडे केलेलं. असं टोकन बघितलं की मधला तुकडा उलगडून बघावा, त्यात कुलूप नसतं, नुसती गुंडाळी असते. आत लिहिलेलं असतं कोणासाठी आणि कधीपर्यंत. इथे 'पाहुणा' आणि 15 मिनिटं. मी ते टोकन चिकटवलं, पुस्तकं आली. तेवढ्यात वाचनालयाच्या शिपायाने दारातून विचारलं, "साहेब, चा मूकुं?" चहा झाला, परत आलो तर पुन्हा 401. पाहुण्याची वेळ संपली होती.

शोधपान पहिल्यांदा उघडताना हे पाहुण्याचं टोकन एका वेगळ्या पत्त्यावरून मिळतं, तेही ओळीत वर दिसलंच. मग प्रोग्रामने आधी तिथे जायचं, टोकन घ्यायचं, पुढच्या मागण्या त्याच सेशनमधून करायच्या म्हणजे कुकी सांभाळल्या जातात, आणि 401 आलं की नवं टोकन घेऊन तेच पान पुन्हा मागायचं. लॉगिन मोडणं वगैरे यात काही नाही. दारावरचा माणूस प्रत्येक येणाऱ्याला जी चिठ्ठी देतो तीच आपणही घ्यायची.

शिष्टाचाराचं थोडक्यात. रोबोट्स-टीएक्सटी, म्हणजे प्रोग्रामनी कुठे जाऊ नये हे सांगणारी संकेतस्थळावरची फाइल, आधी वाचली. मार्टाइन कोस्टर यांनी 1994 मध्ये सुचवलेला हा संकेत 2022 मध्ये आरएफसी 9309 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची मालिका) म्हणून रीतसर झाला. या संकेतस्थळावर व्यवस्थापनाची पानं वर्ज्य होती, शोधाची नव्हती. रिक्वेस्ट्स स्वतःची ओळख 'पायथन-रिक्वेस्ट्स' अशी देते, तिथे मी वाचनालयाचं नाव आणि ईमेल घातला, म्हणजे कोणाला शंका आली तर विचारता येईल. दोन मागण्यांमध्ये 3 सेकंदांचं अंतर. रात्री साडेदहानंतर चालवायचं. एकूण वेळ 10 मिनिटांच्या आत.

चालवायच्या आधी मात्र एक गोष्ट दिसली आणि तिने आम्हाला थांबवलं. त्या जेसॉनमध्ये प्रत्येक पुस्तकाबरोबर शेवटचं कोणी नेलं त्याचा सभासद क्रमांक आणि मोबाइल क्रमांकही येत होता. पानावर दिसत नव्हता, पण मागणाऱ्या कोणालाही मिळत होता. भाच्याने आधी तर गंमत म्हणून स्वतःचा नंबर शोधला आणि सापडल्यावर त्याचा चेहरा उतरला. चिटणीसकाकांनी त्याच संध्याकाळी कंपनीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा उल्लेख पत्रात करायला मीच सांगितलं. आठवड्याभरात ते रकाने बंद झाले. आम्ही तोवर काहीच उतरवलं नाही, आणि प्रोग्राममध्येही हवे ते 11 रकाने नावाने लिहिले. येईल ते सगळं साठवायचं नाही. पान काय दाखवतं आणि मागच्या दारातून काय येतं यांत फरक असतो. मराठी मंडळांची, पतपेढ्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्यांनी हे एकदा स्वतः एफ-12 दाबून बघावंच.

हिशेब जुळला, रोकड कमी

पहिल्या रात्री 18,540 पुस्तकं आली. शंभर कमी. याचं कारण लगेच कळलं, पानांची मोजणी शून्यापासून होती आणि मी एकपासून सुरू केली होती. दुरुस्त केलं. 18,640. शोधपानावर वर लिहिलेला आकडाही 18,640. मी सगळ्यांना 'झालं' असा निरोप पाठवला आणि झोपलो.

सकाळी ताईंचा फोन : "4117 कुठंय?" त्यांना सवयच आहे, कुठलीही यादी हातात आली की ओळखीचं एक पुस्तक काढून बघायचं. 4117 या दाखल क्रमांकाचं पुस्तक यादीत नव्हतं. म्हटलं, प्रणालीत नसेल. तर शोधपानावर होतं.

मग मी जे आदल्या रात्री करायला हवं होतं ते केलं. दाखल क्रमांक एकेकदाच मोजले. 18,640 ओळींत वेगवेगळे क्रमांक फक्त 18,329. म्हणजे 311 ओळी दुबार, आणि बरोबर तेवढीच पुस्तकं गायब. बेरीज जुळत होती म्हणून संशय येत नव्हता. गल्ल्यातली रोकड वहीशी जुळावी आणि निम्म्या नोटा खोट्या निघाव्यात, तसा प्रकार.

असं का झालं ते समजायला दुपार गेली. शोधाच्या चौकटीत काहीच न लिहिता शोधलं की प्रणाली पुस्तकं 'समर्पकते'च्या क्रमाने देते. पण शोधशब्दच नसेल तर सगळी पुस्तकं सारखीच समर्पक. सारख्या गुणांच्या पुस्तकांत आधी कोण, याचा काही नियम नाही, प्रत्येक मागणीला सर्व्हर तो क्रम थोडा वेगळा लावू शकतो. पान 40 च्या तळाशी आलेलं पुस्तक पुढच्या मागणीत एक घर खाली सरकतं आणि पान 41 वर पुन्हा येतं. त्याच वेळी 41 वर येणारं दुसरं एखादं वर सरकून 40 वर जातं, जे आपण आधीच घेऊन टाकलं आहे. ते पुस्तक आपल्याला कधीच भेटत नाही. पंगतीत वाढपी पुढे सरकत असताना माणसं पाट बदलत राहिली तर कोणाला दोनदा श्रीखंड मिळतं आणि कोणी तसंच उठतं.

उपाय पानावरच होता. शोधपानावर 'क्रम' नावाची एक पेटी आहे, तिच्यात 'दाखल क्रमांकानुसार' निवडलं आणि नेटवर्कच्या ओळीत पत्ता कसा बदलतो ते बघितलं. तो घटक प्रोग्राममध्ये घातला. दाखल क्रमांक प्रत्येक पुस्तकाचा वेगळा, त्यामुळे बरोबरी होतच नाही. या वेळी 18,640 ओळी आणि 18,640 वेगवेगळे क्रमांक. 4117 पण.

मला वाटलं, आता तरी संपलं. ताईंनी दाखल नोंदवही काढली. लाल कापडी बांधणीच्या, कडा झिजलेल्या सहा वह्या. शेवटच्या वहीत शेवटचा क्रमांक 18,702. म्हणजे 62 चा फरक. ताईंनी पान-पान उलटत तांबड्या शाईत 'बाद' लिहिलेल्या ओळी मोजल्या, 58 भरल्या. वाळवी, पावसाचं पाणी, 'सभासदाने हरवले, किंमत वसूल'. राहिली 4.

ती चार कपाटात होती. चारही संस्कृत. शोधपानावर नावाने शोधली तरी सापडत नव्हती. पुन्हा एफ-12, पुन्हा तो पत्ता, आणि या वेळी मी तो शेवटपर्यंत वाचला. शोधपान प्रत्येक मागणीत भाषांची यादी पाठवत होतं : मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. 2019 मध्ये टंकताना प्रणालीच्या भाषांच्या पेटीत संस्कृतच नव्हतं, म्हणून मुलींनी तो रकाना रिकामा सोडला होता. रिकामी भाषा त्या चौघांत बसत नाही, त्यामुळे ही पुस्तकं पाच वर्षं कोणाच्याच शोधात आली नव्हती. पत्त्यातून भाषांचा घटक काढून टाकला. 18,644.

नोंदवहीशिवाय ही चार कधीच सापडली नसती. तंत्रज्ञानवाल्यांना सर्व्हरने सांगितलेला आकडा प्रमाण वाटतो, मलाही वाटला होता. पण सर्व्हर त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि प्रश्न मी नीट वाचलाच नव्हता.

31 मार्चची पुस्तकं

आता तारखा. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

जेसॉनमध्ये दाखल तारीख म्हणजे एक लांब आकडा होता, 1 जानेवारी 1970 पासून किती मिलिसेकंद लोटले ते. एका पुस्तकाचा आकडा 1427826600000. भाच्याने तो सरळ तारखेत बदलला, 31 मार्च 2015 आली. ताईंच्या वहीत 1 एप्रिल 2015. एका दिवसाचा फरक, पण त्या दिवसाने आर्थिक वर्ष बदलतं. पुस्तकखरेदीचा हिशेब वर्षवार द्यावा लागतो, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चढवलेला अख्खा गठ्ठा जुन्या वर्षात गेला असता. कारण साधं : वाचनालयात 1 एप्रिलच्या मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा जागतिक प्रमाणवेळेत आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा. भाच्याने लगेच साडेपाच तास मिळवले. 2015 दुरुस्त झालं.

पण वाचनालय जुनं आहे. 1970 च्या आधी दाखल झालेल्या पुस्तकांचे आकडे उणे होते, आणि माझ्या विंडोजवर पायथनचं नेहमीचं तारीख काढणारं फंक्शन उणे आकडा दिला की चूक दाखवून थांबत होतं. तिथे 1970 चा पहिला दिवस धरून त्यातून तेवढा काळ वजा करायचा, म्हणजे चालतं. हे केल्यावर 1931 ची पुस्तकं बरोबर, 1938 ची बरोबर, 1955 ची बरोबर. 1943 ची मात्र पुन्हा एक दिवस मागे. 1 जुलै 1943 ला दाखल झालेल्या पुस्तकाचा आकडा उणे 836461800000. साडेपाच तास मिळवून 30 जून, रात्रीचे अकरा.

अकरा का? भाचा म्हणाला टंकताना चुकलं असेल. पण त्या वर्षाची सगळीच पुस्तकं अकरा वाजताची होती, आणि 1946 ची नव्हती. मग आठवलं, दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ तासभर पुढे केलेलं होतं. 1942 च्या सप्टेंबरपासून 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत इथली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होती. ब्राउझरला हा इतिहास माहीत असतो. 2019 मध्ये टंकणाऱ्या मुलीने '1 जुलै 1943' निवडलं तेव्हा तिच्या ब्राउझरने त्या दिवसाची मध्यरात्र युद्धकाळातल्या घड्याळाने मोजली. तेव्हा हाताने साडेपाच तास मिळवायचे नाहीत, पायथनच्या झोनइन्फोला (ठिकठिकाणच्या घड्याळांचा हिशेब ठेवणाऱ्या लायब्ररीला) 'एशिया-कोलकाता' सांगायचं, तिलाही तो इतिहास माहीत आहे. विंडोजवर त्यासाठी टीझेडडेटा ही त्या इतिहासाच्या नोंदींची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. बसवली, आणि 1943 ची पुस्तकं 1943 च्या त्या-त्या दिवशी जाऊन बसली. चिटणीसकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यांचे वडील 'जुना टाइम, नवा टाइम' असं बोलायचे, त्याचा अर्थ आज कळला.

अक्षरांचं थोडं. फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीचा चिवडा दिसला तर घाबरू नये, पायथनमधून लिहिताना 'यूटीएफ-8-सिग' म्हणावं, म्हणजे एक्सेलला कळतं. किमतीच्या रकान्यात कुठे 125 तर कुठे १२५ होतं. पायथनचं 'इंट' (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) दोन्ही निमूटपणे स्वीकारतं, हे बघून मला उगाचच अभिमान वाटला. खरी डोकेदुखी 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या' अशा शब्दांची. ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो : ऱ घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एकीने एक प्रकारे टंकलं होतं, दुसरीने दुसऱ्या. युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायच्या रीतीने) हे दोन एक होत नाहीत, स्वतः शोधून बदलावे लागतात. सगळीकडे पहिला प्रकार केला.

कोहात भरण्याचं काम त्यामानाने सरळ झालं. मार्क म्हणजे वाचनालयांची नोंदी मांडायची ठरलेली पद्धत, तिच्यात रकान्यांना आकडे असतात. नाव मार्कच्या 245 मध्ये, लेखक 100 मध्ये, दाखल क्रमांक आणि तारीख 952 मध्ये. आधी 50 पुस्तकं चढवून ताईंनी वहीशी ताडून बघितली, मग बाकीची. मुखपृष्ठांची चित्रं आणली नाहीत. कंपनीच्या पत्रात यादीचा उल्लेख होता, चित्रांचा नव्हता. भाचा त्यावर अजून कुरकुरतो.

त्या चार संस्कृत पुस्तकांच्या भाषेच्या रकान्यात आता मार्कचा 'एसएएन' हा संकेत आहे. नव्या शोधपानावर ती चारही दिसली त्या दिवशी ताईंनी वह्या पुन्हा काढल्या, चार ओळींपुढे शिसपेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि चौथीच्या पुढे थांबून म्हणाल्या, "हे मीच वाचायला नेणार होते. मिळालं नाही म्हणून सोडून दिलं होतं."